नववी जोडी

शरणपूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा.
खाली चष्म्यांचं दुकान.
दोघांचाही धंदा बघण्याचाच.

रक्त बहात्तर तास उबेत ठेवायचं
अंड्यावर बसल्यासारखं,
आणि पेशी दुभंगायच्या ऐन बेतात आल्या
की थेंबभर कोल्चिसिन.
थबकतात सगळ्या जागच्या जागी,
स्टॅच्यू म्हटल्यावर पोरं थांबतात तशा.

हे विष कळलावीतही असतं.
त्र्यंबकच्या वाटेला भाद्रपदात
कुंपणाकुंपणातून पेटलेली दिसते ती.
अडलेल्या बाईच्या तळपायाला
तिचा कंद उगाळून लावायच्या म्हणे,
कळा याव्यात म्हणून.
इथं त्याच विषाच्या जोरावर
मी थोपवून धरते
एकाचं दोन होणं.

मग हातभर उंचीवरून काचेवर थेंब. पेशी फुटते.
गुणसूत्रं पसरतात, जांभळ्या पट्ट्यांची,
कुणी वाकलेलं, कुणी दुसऱ्यावर पाय टाकून.
शेचाळीस. जोड्या लावा.

वडील नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात होते.
एकतीस वर्षं करकरीत नोटांवरचे आकडे तपासले,
खिशात मात्र कायम मळकी दहाची.
घरी पोळीचीसुद्धा कड बघून घ्यायचे.
चुकलेली नोट ते बाजूला काढत,
तिच्या जागी दुसरी येई.
माझ्याकडे दुसरी नसते.

मनोहर वडनेरे, तांबट आळी, वय एकावन्न.
नवव्याचा शेंडा बाविसाव्याला,
बाविसाव्याचा नवव्याला.
वीस पेशी बघितल्या. विसांतही तेच.
फडतरे मॅडमनी कागदावर काढून दाखवलं.
ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले,
"म्हणजे जोड भलत्याच भांड्याला बसला."
इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.
गोळी आहे त्यावर. रोज एक. न चुकता.

आणि चैताली भाबड, सिन्नरची.
तीनदा दिवस गेले, तीनदा रिकामी झाली.
माझी मोजणी पंचेचाळीसवर थांबली.
पुन्हा मोजली. पंचेचाळीसच.
चौदावं आणि एकविसावं एकमेकांत रुतून बसलेलं.
तिचं काहीच हरवलेलं नाही,
फक्त लेकराला देताना वाटणी चुकते,
कधी एक पदर जास्तीचा, कधी एक कमी.
मॅडम समजावत होत्या. ती मान हलवत होती.
जाताना दारात माझ्याजवळ थांबली:
"म्हणजे त्या दिवशी मी एसटीनं गेले,
म्हणून नाही ना?"
नाही.
"पपई खाल्ली होती."
नाही हो.
"मग तेवढं लिहून द्याल?"
रिपोर्टात त्याला रकाना नाही.
पाकिटाच्या पाठीवर लिहिलं, पेन्सिलीनं:
एसटी नाही. पपई नाही.
तिनं ते पाकीट ब्लाऊजमध्ये ठेवलं,
रिपोर्ट नवऱ्याकडे दिला.

रसायनाची नवी बाटली फोडली
की निरोगी माणसाचं रक्त लागतं, तुलनेला.
या खेपेला माझं.
नवव्या जोडीतल्या एकाचा मधला तुकडा
उलटा बसलेला.
काच बदलली. भिंग पुसलं.
अकरा वर्षं दुसऱ्यांची मोजतेय,
माझ्याच बोटांना मुंग्या.
मॅडमनी एक डोळा लावून पाहिलं आणि हसल्या,
अगं, असतं हे शंभरात एखाद्याचं.
काही करत नाही. आपण लिहीतही नाही.
चहा घे.

रात्री वडिलांना सांगितलं, सहज सांगितल्यासारखं.
त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.
"काही त्रास?"
नाही.
"पुढं होईल?"
नाही. नुसतं उलटं आहे.
"एकतीस वर्षांत एक नोट सुटली नाही हातून,"
ते स्वतःशीच म्हणाले,
आणि सदऱ्याची बाही कोपरावर सारली,
दंड माझ्यापुढे धरला:
"घे. बघ माझ्याकडूनच आलंय का."

घरात सुई नव्हती.
मी दोन बोटं शिरेवर ठेवली
आणि उगीचच
मोजत बसले.