नमुना क्रमांक ११४

सोलापुरात पेग्मटाइट नाही.
हे मी दर जूनला पहिल्याच तासाला सांगून टाकते,
म्हणजे मग कोणी विचारत नाही,
मॅडम, फील्डला कुठं जायचं?
इथं काळा पत्थर, त्याखाली काळा पत्थर,
मध्ये वीतभर तांबडी माती,
पुन्हा काळा पत्थर.

तरी कपाटाच्या तिसऱ्या खणात ११४ आहे.
नेल्लूरहून आलेला. वजन सव्वाचार किलो.
चिठ्ठीवरची शाई चहासारखी झालीय.
दुधी फेल्डस्पार, धुरकट गारगोटी,
तुरमलीची एक काळी काडी, मोडलेली,
आणि कडेला अभ्रकाची वही,
नखानं पान सुटावं अशी.

अटेंडंट नरसय्या कोडम दर शनिवारी
घरच्या मागावरच्या टॉवेलानं तो पुसतो.
म्हणतो, आमच्या गावाकडचा हाय.
गाव त्यानं पाहिलेलं नाही.
आजोबा आले ते करीमनगरहून,
नेल्लूर तिथून बरंच लांब.
मी कधी नकाशा काढला नाही.

यंदा वर्गात दोघंच.
त्यांना सांगितलं, शिलारस निवतो तेव्हा
घाईचे आधी जागा धरतात,
लोह, मॅग्नेशियम.
मागं उरतं पाणचट काहीतरी,
त्यात लिथियम, बेरिलियम, सिझियम,
कोणी फार बारका, कोणी फार थोराड,
कुणाच्याच स्फटिकात न मावलेले.
ते भेगेत शिरतात
आणि तिथं हातभर वाढतात.
किती वर्षांत? मुलीनं विचारलं.
वीस वर्षं मी 'लाखो' म्हणत आले.
नवे लोक म्हणतात, काही आठवडेसुद्धा पुरतात.
मी दोन्ही फळ्यावर लिहिलं. खोडलं काहीच नाही.

तेवढ्यात मोहोळचा दस्तगीर शिकलगार,
विहिरींना सुरुंग लावणारा,
नातवाला घेऊन दारात उभा.
पिशवीत गोधडीच्या तुकड्यात
मोत्यासारखा चकाकणारा गुच्छ.
पोरगं म्हणतंय लिथियम हाय. मोबाइलमध्ये असंच दिसतं.

स्टिल्बाइट, मी म्हटलं.
आपल्या काळ्या पत्थराच्या पोकळीत भरतो.
सुंदर असतो. बॅटरी नाही व्हायची त्याची.
पोरगं माझ्याकडं न बघता
गुच्छ पुन्हा गुंडाळायला लागलं.

नरसय्यानं न विचारता तिसरा खण ओढला.
दोन्ही दगड टेबलावर शेजारी आले,
पाच मिनिटं कुणीच बोललं नाही.
मग त्यानं ११४ ची कड नखानं उचकली,
एक पान सोडवलं, कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ,
पोराच्या तळहातावर ठेवलं.
आरपार बघ, म्हणाला.
पोरानं डोळ्याशी धरलं, खिडकीकडं वळलं.

एकतीस वर्षांत अशी किती पानं गेली
मी त्याला विचारलं नाही.
मार्चमध्ये तो निवृत्त होतोय, विभागाचंही काही खरं नाही.
संध्याकाळी काट्यावर दगड ठेवला :
चार किलो, वर ऐंशी ग्रॅम.

रजिस्टर उघडलं.
वजन : सव्वाचार किलो.
समोर सही केली.