पूर्वीचा व्यवहार

पत्र आलं. पातळ पाकीट.
पातळ पाकिटात नकार असतो, हे आता बोटांनाच कळतं.
कार्ड असतं तर मधे जरा ताठ लागलं असतं.

"प्रिय आर्लीन हाताया,
आपला आमच्याशी झालेला पूर्वीचा व्यवहार
समाधानकारक नव्हता."
खाली सही नाही. सहीसारखी छापलेली एक रेघ.

पूर्वीचा म्हणजे बारा वर्षांपूर्वीचा.
रेनोच्या फुप्फुसांत पाणी भरत होतं
आणि मी ते कार्ड घासत होते.
औषधं. डुलुथच्या हॉस्पिटलचं पार्किंग.
मशीनमधलं सूप, एकदा बसायची उशी,
आणि एकदा, खोटं कशाला बोलू,
लाल बूट. गरज नव्हती.
त्या दिवशी डॉक्टर महिने म्हणायचं सोडून
आठवडे म्हणाले होते.

चार हजार तीनशे बारा डॉलर.
दिवाळं जाहीर केलं. तळघरातल्या एका खोलीत
एका बाईने मान वर न करता सहा प्रश्न विचारले,
सहाव्याचं उत्तर पुरतं व्हायच्या आत
पुढच्याचं नाव पुकारलं.

कायदा सांगतो, दहा वर्षांनी पुसा.
पुसलं. आता माझा आकडा सातशे एक्केचाळीस.
पतपेढीतली पोरगी तो बघून म्हणाली, "वा!"
सगळ्या जगाच्या पाटीवर मी कोरी,
फक्त या एका बँकेने
स्वतःची वेगळी वही ठेवलीय कुठेतरी.
सुंभ केव्हाच जळलं,
पीळ त्यांनी जपून ठेवलाय.

फोन केला. एकोणचाळीस मिनिटं तीच बासरी.
मग एक मुलगा आला, ट्रेमेन म्हणाला, नाक चोंदलेलं.
म्हटलं, बाळा, ते चार हजार तीनशे बारा
मी आत्ता भरते. जमवलेत.
माफ झालेत, ठाऊक आहे मला. तरी भरते.
बराच वेळ नुसती टकटक.
"मॅडम, ते खातंच आता नाही.
पैसे घ्यायला जागाच नाही."
म्हणजे पैसे ठेवायला जागा नाही,
नावं ठेवायला आहे.
"काय म्हणालात?"
काही नाही, म्हटलं. रात्री गरम पाण्यात मध घे.

फार्गोला भाचीच्या लग्नाला गेले
तर मोटेलवाल्याने दोनशे रोख अनामत घेतली,
निघताना टॉवेल मोजून परत दिली.
उणे चोवीसमध्ये पेट्रोलचा पंप म्हणतो, कार्ड घाला.
मी बर्फ तुडवत आत जाते,
चार नंबर, तीस डॉलर,
गल्ल्यावरचा म्हातारा दर वेळी नोट उजेडाला धरतो
आणि दर वेळी त्याला त्याचीच लाज वाटते.
सकाळी सहा पन्नासला मात्र
लोक आपली बावन्न पोरं माझ्या बसमध्ये चढवून
पाठ फिरवतात, कॉफी प्यायला जातात.
कुणी आकडा विचारलेला मला आठवत नाही.

आणि परवा, त्याच बँकेचं, जाड पाकीट.
रेनोच्या नावाने.
"अभिनंदन! आपली निवड झाली आहे."
निवड तर झालीच होती त्याची.
त्याची पत चांगली. त्याने कधी काही बुडवलं नाही,
बुडालं ते सगळं माझ्या नावावर बुडालं.
टेबलाशी बसून इतकी हसले
की शेजारच्या सिल्वीने भिंत ठोकली.

पाकिटात एक खोटं कार्ड होतं, नमुन्याचं.
निळं, गुळगुळीत, नंबराच्या जागी शून्यं,
त्यावर उठावदार अक्षरांत रेनो ई. हाताया.
फेकणार होते.
ते आता बसमध्ये असतं, समोरच्या कप्प्यात.
पहाटे आरशांवर बर्फ धरतो तेव्हा
त्याची कड बरोब्बर लागते.
दोन्ही बाजूंचं मागचं स्वच्छ दिसेपर्यंत
घासते.