नमुना क्रमांक सात

खसखशीच्या दाण्याएवढा तुकडा
सुरीच्या टोकावर उतरतो,
माझा श्वास मीच धरून ठेवते.
उईके बॅटरी हलू देत नाही.
बाहेर जनरेटर फटफटतोय,
आत वटवाघळांचा आंबूस वास.

बोरगव्हाणच्या या भिंतीवर चुन्याचे अकरा हात.
दर वेळी कुणीतरी मनापासून सगळं पांढरं केलं,
फक्त चेहऱ्यापाशी येऊन कुंचला वळवला.
म्हणून उरलाय तो:
कपाळ, डोळे
आणि निळा गळा.

नागपूरला तुकडा आडवा कापून
सूक्ष्मदर्शकाखाली धरला
की नदीनं खचवलेली दरड दिसते.
तळाशी गाळ, धानाचं तूस.
त्यावर काव. लोखंड, साधंसरळ.
मग हरताळ, म्हणजे आर्सेनिक.
विष पचवणाऱ्याच्या अंगाला विषाचाच पिवळा;
रंगाऱ्याला ठाऊक असणार,
हसलाही असेल.
शेंदूर काळा पडलाय. तो पडतोच.

निळ्याशी येऊन मी अडते.
कण गोल, सगळे एका मापाचे.
खाणीतला दगड असा फुटत नाही,
हा कारखान्यातला.
सर म्हणाले, लिहा:
नंतरचा हस्तक्षेप. काढण्यायोग्य.

परत गेले तेव्हा गुंफाबाई
पायरीवर अंबाडीची भाजी निवडत होती.
"निया न्? थो म्याच लावला, माय.
धोतराले देतो थे नीय.
उखय पालथं घातलं अन् चढली.
इख पेलेला देव, अन् गया पांढरा,
बरं दिसते काय?"
कशात कालवली?
"बाभयीच्या डिंकात. आनखी कायात?"
आणि एक किडकं पान बाजूला टाकलं.

तळच्या थराचा अहवाल कालच आला होता.
बंधक: डिंक.
कोणत्या झाडाचा
ते यंत्राला सांगता येत नाही.
मी बांधावरच्या बाभळीकडे
नुसतं बघून घेतलं.
साल जिथे तडकलेली, तिथे एक थेंब,
मुंग्या लागलेला.

तक्त्यात एक रकाना आहे: रंगवणारा.
सहा ओळींत सहा वेळा 'अज्ञात'.
सातवीत लिहिते, गुंफाबाई,
आणि थांबते.
आडनाव विचारायचं राहिलं.

रात्रीचे साडेदहा.
उईकेला फोन लावते.