इथे बघण्यासारखं काही नाही

सुट्टीत नातवंडं आली म्हणून
बाबांनी स्वतःच्याच गावात गाइड केला.
तीनशे रुपये, रिक्षाचे वेगळे.

भुईकोटाच्या बुरुजाखाली तो पोरगा
पाठ केलेली सनावळी म्हणत होता,
बाबा मान डोलवत होते
जणू आजच उतरलेत सोलापूर स्टेशनात.
तळ्याकाठी श्रीजानं कणीस मागितलं,
आईनं डब्यातली कडक भाकरी मोडून दिली
वर शेंगाचटणी. श्रीजा रुसली.

परतताना गिरणीची भिंत लागली.
‘इथे बघण्यासारखं काही नाही,’ गाइड म्हणाला.

बाबांनी रिक्षा थांबवली.
गवतात एका जागी जाऊन उभे राहिले,
पाळीत उभे राहायचे तसे,
डावा हात हवेत
तुटलेला धागा शोधत.

गाइडनं रिक्षावाल्याला
इंजिन बंद करायला सांगितलं.