मिठाला जागलेला

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
नर्स येते दर दुसऱ्या मंगळवारी, फेरीबोटीनं.
धुकं असलं तर नाहीच.

जन्मभर मिठाला जागला अँब्रोज.
कॉड चिरला, खारवला, फळ्यांवर वाळत घातला.
आता मीठच जागतं त्याच्या नसांत
रात्रभर.

आणि साखर? ती माझी.
काकवीचे पाव, चहात तीन चमचे,
बावन्न वर्षं मीच वाढली.

कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखलेत:
दाब, साखर.
बोट टोचताना तोंड फिरवतो,
अंगठ्यात रुतलेला गळ
भर वादळात स्वतःच सुरीनं काढणारा हा माणूस.

मासा भिजवते मी तीन पाण्यांत.
तिसरं चाखून बघते. अजून समुद्र.
चौथं.

काल वरचा आकडा एकशे अडतीस,
साखर इथल्या मापात नऊ.
नर्स म्हणाली, गोळ्या चुकवू नका, फिलोमिना,
बरं वाटलं तरी.

त्यानं बिनसाखरेचा चहा ओठांना लावला,
माझ्याकडे पाहिलं,
बशीत ओतला, फुंकर मारत बसला
कितीतरी वेळ.

गार झाल्यावर
प्याला. सगळा.