पाहा : घोडे

रुवीत, चौथ्या मजल्यावर,
एसीचं पाणी रंगाच्या रिकाम्या डब्यात टपटपतं
तिथं आम्ही कोश करतो.
म्हणजे उस्ताद याकूब ठरवतात कोण आत, कोण बाहेर,
आणि मी मोडी वाचते,
मुंबईच्या घोडेव्यापाऱ्यांच्या जुन्या वह्यांतली.
मस्कतमध्ये दुसऱ्या कुणाला ती येत नसावी,
निदान पगारपत्रकात तरी मी एकटीच आहे.

नासिर बिन हमूद दर गुरुवारी येतात.
काखेत प्लास्टिकची फाइल.
फाइलमध्ये आजोबा : शेख मुहन्ना, एका वादीचे धनी.
एक बुरूज. शंभराच्या आतच खजुरी.
डोंगरातून आणलेल्या पाटाच्या पाण्याची
दीड पाळी.
एवढंच? उस्ताद विचारतात, प्रत्येक वेळी त्याच अदबीनं.
एवढंच, नासिर म्हणतात,
पण एवढं होतं.

उस्तादांचं मला पटतं, हीच पंचाईत.
बुरुजागणिक एक नोंद दिली
तर खंड वाढत वाढत ‘ब’वरच थांबायचा.
ज्यानं काही केलं त्याला नोंद, ते म्हणतात,
जो नुसता कुणाचा तरी मुलगा होता
त्याला वंशावळ पुरे.
त्यांच्या स्वतःच्या चुलतआजोबांची नोंद
दोन वर्षं ड्रॉवरात पडून आहे, ना आत ना बाहेर,
हे मला शौकतनं सांगितलं.
शौकत राजापूरचा, करक चहा आणतो,
सगळ्यांचे ड्रॉवर त्याला पाठ.
बाई, तो म्हणाला, आणि ज्यानं बुरूज बांधला
त्या गवंड्याचं कुठं लिहितात?
मी म्हटलं, कप ने.

मग सोमवारी, कसरीनं खाल्लेल्या एका पानावर :

शेक मोहोना याजकडील घोडी १, रंग कुमैत, नाव रीम,
उमर वर्षे ५, खोकला आहे,
रुपये ६४०.
घेणार सर्जेराव पांढरमिसे, जहागीर गावे अडीच.

अडीच!
मी एकटीच हसले, मग हसू कुठंतरी अडकलं.
दीड पाळीच्या धन्यानं
अडीच गावांच्या धन्याला
खोकणारी घोडी विकली
आणि मधे सबंध समुद्र.
पांढरमिसेंना मी आपल्याकडच्या चार पुस्तकांत शोधलं.
एका दरबाराच्या यादीत, शेवटी,
‘व इतर सरदार’.
त्या ‘इतर’मध्ये असतील बहुधा. शब्द ऐसपैस आहे,
घोड्यासकट मावतात.

गुरुवारी नासिरना वही दाखवली.
यात आजोबा कुठं? मी बोट ठेवलं.
त्यांनी बोट जरा पुढं नेलं.
आणि ही?
ही रीम.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
ती गेली तेव्हा आजी तीन दिवस जेवली नव्हती,
घरात अजून सांगतात.
आजीचं नाव? मी पेन्सिल उचलली.
त्यांनी उस्तादांकडे पाहिलं, शौकतकडे पाहिलं,
आणि फाइलचं बटण लावलं.
नाव त्यांना ठाऊक होतं.

दुसरी साक्ष मिळाली, मी म्हटलं.
घोडी विकणं हे कर्तृत्व? उस्ताद म्हणाले,
पण चष्मा काढून म्हणाले,
म्हणजे अर्धे वळले होते.
शेवटी ठरलं : ‘घोडे, निर्यात’ या नोंदीत जागा द्यावी.
किती ओळी, नासिरनी विचारलं.
चार.
त्यांनी बोटांवर मोजून पाहिल्या. अंगठा उरला.
खोकल्याचं लिहू नका, ते म्हणाले,
आमच्याकडून ती धडधाकट गेली होती.

संध्याकाळी मी टाइप केलं.
खोकला काढला. का काढला, माहीत नाही,
वही तर खोटं बोलत नव्हती.
मग ‘म’च्या खंडात, मुसंदम आणि मोती यांच्या आधी,
उस्तादांना न विचारता,
एक ओळ घातली :

मुहन्ना, शेख : पाहा घोडे.