पावलाची जाडी

कोरड्या पुलाच्या बाजारात, पदकं आणि काटे-चमचे यांच्या मधे
ओमारनं चादरीवर मांडलं होतं ते:
अंगठ्याएवढं पितळी भिंग, कडेवर कोरलेलं,
दहापट, नळी एकशे साठ.
"लेनिनग्राडचं आहे," म्हणाला, जणू स्थळ सांगतोय.
मी ते उलटं धरून आत उजेड फिरवला.
बुरशी नव्हती. एक चरा होता.
चऱ्याचे पाच लारी कमी केले.

नवं घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड;
कॅमेराच मुळी पुतण्यानं टाकून दिलेला.
चाळीस वर्षं तिबिलिसीच्या लिफ्ट दुरुस्त केल्या मी,
एवढं ठाऊक आहे की कुठलीही दोन यंत्रं
एकमेकांसाठी बनलेली नसतात,
मधे एक चकती लागते.

चकती रुबेननं लेथवर कातली.
पहिली आटे चुकून फुकट गेली,
दुसरी अशी बसली की फिरवताना आवाजसुद्धा नाही.
भाता एका मेलेल्या एन्लार्जरचा,
घड्यांत तीन छिद्रं, सायकलच्या ट्यूबनं बुजवलेली.
नळीच्या आतून काळं मखमल
(बायको अजून विचारते, कोटाची कॉलर गेली कुठे).
पुढे-मागे सरकवायला शाळेनं बाद केलेला सूक्ष्मदर्शक:
डोकं कापलं, गुडघा ठेवला.
त्याच्या चाकाची एक रेघ म्हणजे दोन मायक्रॉन.
आणि उजेड मऊ करायला मात्सोनीचा रिकामा डबा.
दुधाची तहान ताकावर भागत नाही म्हणतात.
माझी दह्याच्या डब्यावर भागली.

सगळं जुळलं, तेव्हा कळलं की घरच हलतं.

खालून मेट्रो जाते नाधालादेवीकडे.
फ्रिज गुरगुरतो. मी श्वास सोडला तरी
किड्याची मिशी डोलते.
म्हणून रात्री एकनंतर.
फ्रिज बंद, आरसा वर, तीन सेकंद थांब, मग झडप.
चाक अडीच रेघा पुढे. पुन्हा थांब.
एकशे चाळीस वेळा.
एवढ्या पातळ चकत्या रचल्या की मग कुठे
मोहरीहून लहान एक डोकं अख्खं दिसतं.

किडा इझोल्दानं दिलेला, वरच्या मजल्यावरच्या.
मक्याच्या पोत्यातला सोंडकिडा, वर्तमानपत्राच्या पुडीत.
"तुझ्या भिंगालाही काही खायला घाल."
तिला झोप येत नाही. खिडकीपासून दारापर्यंत जाते,
दारापासून खिडकीपर्यंत येते.
एकसष्ट ते चौसष्ट, चार चौकटी
प्रत्येक वेळी धुरकट.
मी छताकडे बघून शिव्या घातल्या, मनातल्या मनात,
कारण मोठ्यानं घातल्या तर पासष्टावीही गेली असती.

ऑक्टोबरात ती थेसालोनिकीला गेली, लेकीकडे.
किल्ली मला दिली, कुंड्यांना पाणी घालायला.

त्या आठवड्यात तोच किडा पुन्हा मांडला.
एकशे चाळीसच्या एकशे चाळीस लख्ख.
डोळ्याचा एकेक मणी मोजून घ्यावा असा.
रुबेन म्हणाला, सोन्याहून पिवळं, आता भिंतीवर लाव.
लावलं.

पण जुनं चित्र पुसलं नाही.
त्यात सोंडेच्या वरच्या कडेला एक दुसरी कड आहे,
पुसट, जणू किड्यानं मान हलवायचं मनात आणलं होतं.
मोजली मी ती. सवयच आहे.
सहा मायक्रॉन. चाकाच्या तीन रेघा.
एका म्हातारीच्या पावलाची जाडी एवढी,
मधे काँक्रीटचं छत धरून.

काल कॅमेरा लावून ठेवला, दर मिनिटाला आपला आपण उघडेल असा,
आणि पाणी घालायला वर गेलो.
जिरेनियम वाळलंय, तुळशीसारखं दिसणारं ते काही तग धरून आहे.
बूट काढले नाहीत.
खिडकीपासून दारापर्यंत गेलो,
दारापासून खिडकीपर्यंत आलो,
टाच जरा दाबूनच.

चित्रं अजून उघडून पाहिलेली नाहीत.
शिवाय भात्याचं एक छिद्र पुन्हा उकललंय,
आधी त्याचं बघायला हवं.